सोलापूरच्या गड्डा यात्रेत विक्रेत्याने 1818 चं रामदरबार ‘कंपनी सरकारचं नाणं’ दोन हजाराला सांगितलं. खरं असेल का?

नाही, ते नाणंच नाही. अलीकडे पाडलेलं टोकन आहे. ‘वन आना, यूकेएल’ अशी अक्षरं असतील तर बोलायलाच नको. 1818 ला कंपनीच्या मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकच नाणं 1835 च्या कायद्यानंतर आलं. विक्रेता ‘हे नाणं तांदूळ ओढतं’ म्हणाला असेल (चमत्कारी नाण्याच्या नावाने फसवणारी थाप) तर सरळ पुढच्या स्टॉलवर जा. मात्र देव दिसला की खोटं, असंही नाही: मद्रासेत कंपनीने देवांच्या मूर्तींचे सोन्याचे होन पाडले होते. देवघरात ठेवायचे जुने रामटंकेही (रामदरबार असलेली पूजेची नाणी) असतात, पण ते चलन नव्हे. देव्हाऱ्यासाठी हवंच असेल तर पितळेच्या भावात घ्या.