क्वांटम लॉजिकच्या सिक्वेंट कॅल्क्युलसमध्ये नेमका कोणता नियम बदलतो?

मुख्यतः डावीकडच्या ‘किंवा’चा. सिक्वेंट म्हणजे ‘डावीकडच्या सूत्रांवरून उजवीकडचे निघते’ असे सांगणारी ओळ, आणि सिक्वेंट कॅल्क्युलस म्हणजे अशा ओळींनी सिद्धता रचण्याचे नियम. तुम्ही दर्यापूरकडचे आहात म्हणून शेतातूनच सांगतो. वावरात पऱ्हाटी (कापूस) आहे, आणि तासात तूर किंवा मूग आहे. म्हणजेच पऱ्हाटी-तूर आहे किंवा पऱ्हाटी-मूग आहे. हा वितरण नियम.

इलेक्ट्रॉनला तो लागू पडत नाही. उभ्या अक्षावर स्पिन ‘वर’ हे विधान प घ्या. आडव्या अक्षावरची दोन उत्तरे क आणि ख. इथे विधाने म्हणजे हिल्बर्ट अवकाशाचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सगळ्या अवस्थांच्या सदिश अवकाशाचे, उपावकाश; ‘आणि’ म्हणजे त्यांचा छेद, ‘किंवा’ म्हणजे दोघांना मिळून व्यापणारा उपावकाश. ‘क किंवा ख’ सगळा अवकाश व्यापते, म्हणून ‘प आणि (क किंवा ख)’ म्हणजे प. पण ‘प आणि क’ शून्य, ‘प आणि ख’ही शून्य, म्हणजे ‘(प आणि क) किंवा (प आणि ख)’ही शून्यच, प नव्हे. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी 1936 मध्ये हेच मांडले.

आता सिद्धतेकडे. सिक्वेंट कॅल्क्युलस रचणाऱ्या गेन्ट्झेनच्या पद्धतीत ‘क किंवा ख’ फोडताना सोबतचे प दोन्ही फांद्यांत नेता येते, आणि वितरण तिथूनच सिद्ध होते. म्हणून ही सोबतच तोडायची: सिक्वेंटमध्ये दोन्ही बाजू मिळून फार तर दोन सूत्रे. एवढ्याने ऑर्थोलॉजिक, म्हणजे वितरण नसलेले तर्कशास्त्र, मिळते, आणि त्यात कटचा नियम (मधल्या सूत्राने दोन सिद्धता जोडण्याचा) काढून टाकता येतो. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते: एक भौतिक सत्य सूत्रे मोजण्याच्या बंधनात उतरते.

ऑर्थोमॉड्युलर नियम (वितरणाचे सौम्य रूप, जे उपावकाशांना लागू पडते) जोडला की मात्र कट काढणे इतके सरळ राहत नाही. निशिमुरा यांचा 1980 चा निबंध त्यासाठी वाचा, पण आधी ऑर्थोलॉजिकमध्ये वितरण सिद्ध करून बघा आणि कोणत्या पायरीला अडता ते लिहून ठेवा.