एका शहरापासून सुरुवात करा

जगभरची समकालीन कला एकदम हाती घेऊ नका, दमछाक होते. मुंबई घ्या, आणि चित्रांइतकंच ती टांगली गेली त्या जागांकडे बघा.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आपला गट काढला, तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरी नव्हतीच, ती १९५२ची. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३मध्ये गॅलरी केमोल्ड ही खासगी गॅलरी आली आणि २००७मध्ये प्रेस्कॉट रोडवरच्या मोठ्या जागेत गेली. ऐसपैस जागेत भलीमोठी मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन्स) मांडता येतात, छोट्या खोलीत नाही. सरकारी संग्रहालय म्हणाल तर कावसजी जहांगीर हॉलमधलं एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) थेट १९९६चं. मधली वर्षं कुणी सांभाळली, हा प्रश्न मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- सनावळ्या पाठ करणं.
- लिलावातली किंमत म्हणजे कलाकृतीचं महत्त्व असं मानणं. (ही फार मुरलेली सवय आहे, लवकर सोडा.)
- सगळं मोबाइलवरच पाहणं.

प्रदर्शनाला गेलात की पत्रक जपून ठेवा. मांडणी कुणाची, पैसा कुणाचा, ते त्यावरच लिहून टाका. कलासिद्धान्त सहा महिन्यांनी वाचू. या शनिवारी काळा घोड्याला, जहांगीर आहे त्या भागात, जाऊन या.