अंजनीपासून सुरुवात करतोयस तर एवढं बघ

झाडांची ओळख अंजनीपासून सुरू करतोयस म्हणालास, अरे मस्त, पण आधी एक, अंजनी आणि अंजन वेगळे हां, अंजन म्हणजे कोरड्या भागातलं मोठं पानगळीचं झाड, आणि अंजनी भीमाशंकर-महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ आणि पिसा या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी छोटी, सदाहरित. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शोधत बसू नकोस, पहाटे निघ आणि सरळ भीमाशंकर गाठ.

फुलांची घाई नको. निळ्याजांभळ्या झुपक्यांचे फोटो सगळेच काढतात (मी पण, शेकड्यांनी), तू बुंधा बघ. एकाच बुडातून चार-पाच खोडं आली असतील तर बहुतेक कधीतरी कोयता लागलाय, लाकूड कडक म्हणून सरपणाला तोडतात आणि ती बुडातून परत फुटते. बारीक म्हणजे कोवळं झाड, ही चूक सगळे करतात, पण ही वाढते फार हळू, मनगटाएवढं खोडही बरंच जुनं असू शकतं.

सुरुवातीला इतकंच:
- पानं समोरासमोर, जाड, शिरा जेमतेम दिसणाऱ्या
- बुडातून किती खोडं, मोजून लिही
- वर सावली आहे की उघडं

रोप उपटून आणू नकोस, अभयारण्य आहे ते. बाकी मोजमापं नंतर सांगतो.