ऑलिव्ह खाण्याचे फायदे काय? आपल्या रोजच्या जेवणात ते कसे वापरायचे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना बीपी आहे आणि कुणीतरी त्यांना रोज आठ-दहा ऑलिव्ह खायला सांगितलेत. बीपी असेल तर एवढे रोज नकोत. बरणीतला ऑलिव्ह म्हणजे शेवटी खारवलेलं लोणचंच.

झाडावरचं फळ इतकं कडू असतं की तोंडात धरवत नाही. हा कडूपणा ओल्यूरोपीन नावाच्या द्रव्याचा. तो जावा म्हणून फळं मिठाच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरवतात, किंवा आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवून मग खारवतात. त्यामुळे १०० ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये ३-४ ग्रॅम मीठ सहज निघतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बरणीवर सोडियमचा आकडा असतो, तो आधी बघा. काळ्यांत मीठ बहुधा कमी असतं. पण पिझ्झावरच्या त्या काळ्याकुट्ट चकत्या झाडावर पिकलेल्या असतातच असं नाही. कच्ची फळं हवेने काळी करून रंग टिकायला फेरस ग्लुकोनेट हा लोहाचा क्षार घालतात. अपाय काही नाही, चव मात्र मिळमिळीत.

फायदा आहे तो मुख्यतः त्यातल्या स्निग्धांशाचा. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल (एक असंपृक्त स्निग्धाम्ल) सर्वांत जास्त, आणि एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये, म्हणजे रिफाइंड न केलेल्या तेलात, फळातली पॉलिफेनॉल्स ही अँटिऑक्सिडंट द्रव्यंही उरतात. घशाला झोंबतं ते त्यांच्यामुळेच. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर स्पेनमध्ये मोठा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये आला, गट पाडण्यातल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा छापला, तरी निष्कर्ष तोच राहिला: हे तेल खाणाऱ्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून कमी झाले. पण ते लोक सोबत भाज्या, कडधान्यं, मासे खात होते. नुसतं वरून ओतलेलं तेल म्हणजे मोठ्या चमच्याला (टेबलस्पून) १०० च्या वर कॅलरी, बाकी काही नाही.

आमच्या सांगलीत घाण्याचं शेंगतेल मिळतं, त्यातही जवळपास निम्मं ओलेइक आम्लच असतं. फोडणीसाठी परदेशी बाटली आणायची गरज मला तरी वाटत नाही. आणलीच तर गडद काचेची घ्या आणि तेल कोशिंबिरीवर कच्चं घाला. पोमेस म्हणजे चोथ्यातून काढून रिफाइंड केलेलं तेल. तळणाला चालेल, औषध म्हणून नको. ‘लाइट’ लिहिलेलं असलं तरी कॅलरी तेवढ्याच, फक्त रंग-चव फिकी.

आता खायचं कसं. ऑलिव्ह अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून पाणी फेकून द्या, वरचा खारटपणा उतरतो. काकडीच्या कोशिंबिरीत बारीक चिरून घाला, दही, कूट, जिऱ्याची फोडणी, वेगळं मीठ अजिबात नाही. माझा आवडता प्रकार ठेच्याचा: मिरची आणि लसूण तव्यावर भाजा, भाजलेले दाणे आणि बिया काढलेले चार-पाच ऑलिव्ह घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. ज्वारीच्या भाकरीबरोबर झकास लागतो, मिठाची आठवणही होत नाही. हौस म्हणून भडंगात मात्र घालू नका, भडंग लगेच सादळतो.

वडिलांना दोन-तीन, तेही रोज नाही, आणि त्या दिवशी लोणचं-पापड बंद. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवा, फळं खाऱ्या पाण्यात बुडलेली असू द्या, चमचा कोरडा वापरा.