बायपोलर असेल तर हॉर्मोन थेरपी मिळतच नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ट्रान्स स्त्री आहात, बायपोलरसाठी लिथियम चालू आहे आणि 'आधी डोक्याचं पूर्ण बरं करून या, मग हॉर्मोनचं बघू' म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. मीसुद्धा ट्रान्स स्त्री आहे, बायपोलर आहे आणि माझे दोन्ही उपचार एकत्र चालू आहेत. तेव्हा उत्तर आधीच देते: मिळते.

बायपोलर आटोक्यात राहतो, 'पूर्ण बरा' होत नाही. म्हणजे तुम्हाला घातलेली अट आयुष्यभर पुरी होणार नाही, आणि याचाच मला राग येतो. डब्ल्यूपाथ या ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ज्या मार्गदर्शक सूचना डॉक्टर वापरतात, त्यांच्या 2012 च्या आवृत्तीतही आजार बऱ्यापैकी आटोक्यात असावा, एवढंच होतं. 2022 च्या आवृत्तीत भर आहे तो आजाराचा उपचारावर काय परिणाम होईल हे तपासून फायदे-धोके तुमच्याशी बोलण्यावर. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की नुसत्या निदानावरून कुणाला विकल मनाचं ठरवता येत नाही. मात्र मॅनिया (बायपोलरमधला अतिउत्साहाचा टप्पा) भरात असताना किंवा भास होत असताना थांबायला सांगितलं, तर थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉर्मोन मिळावेत म्हणून लिथियम लपवू नका, बंद तर मुळीच करू नका. टेस्टोस्टेरॉन दाबायला आपल्याकडे बऱ्याचदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं. तसं झालं तर तडक दवाखाना गाठायचा. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून सुरुवात करू नका. उद्या लिथियमऐवजी कार्बामाझेपिन दिलं, तर ते इस्ट्रोजेनची (थेरपीत मिळणाऱ्या स्त्री-हॉर्मोनची) पातळी उतरवतं. लॅमोट्रिजिन दिलं, तर इस्ट्रोजेन त्याची पातळी उतरवू शकतं. दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्या माहीत हव्यातच.

माझं काम एका पत्राने झालं. माझ्या सायकियाट्रिस्टनी लेटरहेडवर अर्धं पान लिहून दिलं: निदान काय, किती काळ स्थिर आहे, कुठल्या गोळ्या किती डोसने, शेवटची लिथियम लेव्हल किती, हॉर्मोनचे परिणाम समजून संमती देऊ शकते, आणि आमच्या बाजूने हरकत नाही. ते घेऊन मी दुसऱ्या एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे) गेले. त्यांनी पत्र नीट वाचलं, स्पायरोनोलॅक्टोन टाळलं, दुसरी गोळी कमी डोसने दिली (तिने उदासी वाढू शकते, हे आधीच सांगून) आणि लिथियमची तपासणी पुन्हा करायला लावली.

या धावपळीत मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पत्र दाखवूनही कुणी नाही म्हणालं, तर नकाराचं कारण केसपेपरवर लिहून मागा आणि तो कागद पुढच्या डॉक्टरांना दाखवा.