वणव्यानंतर राख पडलेल्या जंगलात पाणी जमिनीत मुरतं का?

मुरतं पण आणि नाही पण. राख स्वतः स्पंजसारखी असते, जाड थर असेल तर पहिली सर तीच पिऊन टाकते. खरी गडबड तिच्या खाली होते. पाचोळ्यातला मेणासारखा अंश आगीत वाफ होऊन खाली उतरतो आणि थंड मातीच्या कणांवर बसतो, माती साधारण २०० अंशांच्या आसपास तापली की हे जास्त होतं, ३०० च्या वर गेलं तर तो मेणाचा थर उलट जळूनच जातो. मग वरची राख ओली आणि बोटभर खाली माती कोरडी ठणठणीत, थेंब नुसता अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहतो. शिवाय बारीक राख मातीची भोकं बुजवते, ओली होऊन वाळली की पापुद्रा धरते, मग पुढचं पाणी सरळ ओढ्याला, काळंकुट्ट.

आपल्या सोलापूरकडं नान्नजच्या माळावर गवत पेटतं ते भरकन पुढं जातं, माती फार तापत नाही, त्यामुळं हा मेणाचा प्रकार तिथं कमीच. बघायचंच असेल तर राख बाजूला सारून तांब्यातलं थोडं पाणी टाका आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा.