सिबिल 648, ‘सेटल्ड’ शेरा आणि अनोळखी कर्ज

पगार नियमित असताना आणि सध्या एकही हप्ता थकलेला नसताना गृहकर्ज का नाकारले गेले, सिबिल स्कोअर (सिबिल ही कंपनी कर्जफेडीच्या नोंदींवरून देते तो गुणांक) 648 कसा, न घेतलेले 14,000 रुपयांचे कर्ज सिबिलच्या अहवालात कोठून आले, आणि 8,000 रुपयांत स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे द्यावेत का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: देऊ नयेत. अहवालातील प्रत्येक नोंद कर्ज देणाऱ्या संस्थेने पाठवलेली असते आणि त्या संस्थेने दुजोरा दिल्यावाचून खुद्द सिबिललाही ती बदलता येत नाही. मग एजंट काय बदलणार? जी ऑनलाइन तक्रार आपण विनाशुल्क करू शकता, तीच तो आपल्या नावाने करून देतो.

स्कोअर हा 300 ते 900 या पट्ट्यातला एक आकडा असून तो अहवालातील नोंदींवरून काढलेला असतो, म्हणून काम करायचे ते नोंदींवर. सिबिलखेरीज एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन क्रेडिट माहिती कंपन्या, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, आहेत व प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही मागवा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. घसरण होते ती कर्जासाठी केलेल्या अर्जांमुळे, त्यामुळे एका बँकेने नकार दिल्यावर त्याच महिन्यात आणखी तीन ठिकाणी अर्ज केले असतील तर ते आता थांबवा.

गृहकर्ज नाकारले जाण्याचे खरे कारण मला आपल्या क्रेडिट कार्डाच्या नोंदीत दिसते. 62,000 रुपयांच्या थकबाकीपैकी 35,000 भरून 2021 मध्ये प्रकरण मिटवले, असे आपण लिहिले आहे. वसुलीसाठी येणारा माणूस ‘फाइल बंद झाली’ एवढेच सांगतो. उरलेले 27,000 बँकेने सोडून दिले आणि म्हणून खात्यावर ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) याऐवजी ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) असा शेरा बसला, हे तो सांगत नाही. गृहकर्ज देणारा अधिकारी स्कोअरच्या आधी हा शेरा पाहतो. उपाय खर्चिक आहे, पण सरळ आहे. त्या बँकेला पत्र लिहून उरलेली रक्कम भरण्याची तयारी कळवा. ती भरल्यावर खाते ‘क्लोज्ड’ म्हणून चारही कंपन्यांना कळवले जाईल, हे लेखी घ्या आणि मगच पैसे भरून ‘नो ड्यूज’, म्हणजे काहीही बाकी नसल्याचा, दाखला ताब्यात घ्या. तोंडी आश्वासनावर भरू नका. पूर्वी हप्ते किती दिवस उशिरा भरले याचे आकडे मात्र पुसले जाणार नाहीत.

अनोळखी कर्जाबाबत फसवणुकीचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मोबाइल अॅपवरून किंवा दुकानात ‘बिनव्याजी हप्त्यां’वर वस्तू घेतली की पैसे प्रत्यक्षात एखादी वित्त कंपनी देते, आणि अहवालात अॅपचे किंवा दुकानाचे नव्हे तर तिचे नाव येते. मी स्वतः अशाच एका नावाविरुद्ध तावातावाने तक्रार लिहायला बसलो होतो, तेव्हा मुलाने आठवण करून दिली की त्याचा फोन आपण हप्त्यांवर घेतला होता! आपण कोणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज आपल्या अहवालात दिसते. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी सही करणाऱ्याला हे बहुधा फार उशिरा कळते.

एवढे तपासूनही कर्ज आपले नसेल तर संबंधित क्रेडिट माहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवा, तसेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही कळवा. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे, म्हणून तक्रार क्रमांक व तारीख जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते; सप्टेंबर 2022 पासून या चारही कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत.

1 जानेवारी 2025 पासून कर्जसंस्थांना या कंपन्यांकडे किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्तीनंतर महिनाभराने नवा अहवाल पाहावा. त्यात ‘क्लोज्ड’ दिसले की नो ड्यूज दाखल्यासह एकाच बँकेत अर्ज करा. जाता जाता अहवालातील आपला मोबाइल क्रमांकही तपासा. कोणी आपला अहवाल काढला की त्याची सूचना त्याच क्रमांकावर येते, आणि तो जुना असेल तर ती भलत्याच्याच हाती पडते.